उरलेल्या शाकुतीचं आज रात्री काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. काल सासऱ्यांचा 75वा वाढदिवस म्हणून सगळे फोंड्याला हॉटेलात जेवलो. मागवलं जास्त आणि उरलं ते पार्सल करून आणलं: दोन वाट्या चिकन शाकुती, बराचसा साधा भात, थोडा काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातलं गोव्याचं चिकन) आणि चार पोई (गोव्याचे पाव). घरी पोचताच सगळं फ्रिजमध्ये ठेवलं.

खरा प्रश्न शाकुतीचा आहे. चिकनचे जेमतेम पाच तुकडे, बाकी सगळा रस. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण गार होऊन घट्ट बसलंय, वर तेलाचा लाल थर. वास अजून छान येतोय, टाकवत नाही. पण ओल्या खोबऱ्याचा रस लवकर आंबतो, म्हणून आज रात्रीच संपवायचाय, तोही एकदाच नीट उकळून. माणसं सहा, आणि सासऱ्यांना तिखट सोसत नाही.

त्यात बटाटे घालून वाढवला तर तिखटपणा कमी होईल का? की नारळाचं दूध घालू? चव पांचट होईल अशी भीती वाटते. अंडी उकडून सोडायचाही विचार आहे, कोणी केलंय का?

काफ्रेआलचं मी ठरवलंय: मांस सोडवून, कांदा परतून पोईत भरणार. पोईवर पाण्याचा हात फिरवून तव्यावर गरम केली की पुन्हा मऊ होते.

भाताचं मात्र काहीच सुचत नाही. फोडणीचा भात मुलं खात नाहीत. संध्याकाळी सहापर्यंत कोणी सांगितलं तर फार बरं होईल.