कुडाळजवळच्या जुन्या कौलारू घराची दुरुस्ती : छप्पर, जमीन, भिंती, सगळ्यावर सल्ला हवा

पडवीतून

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, समोर खळं (अंगण) आणि तुळस, मग लोटा (दर्शनी ओसरी), माजघर, देवाची खोली, मागे पडवी आणि न्हाणी. गेली काही वर्षं घर गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच होतं. आई यंदा निवृत्त झाली. तिला आता तिथेच जाऊन राहायचंय, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलता येणार नाही.

गावातल्या एका ठेकेदाराने जे सुचवलंय ते असं : कौलं उतरवून रंगीत पत्रे, सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी, घरभर व्हिट्रिफाइड लाद्या, माजघरात पीओपीचं फॉल्स सीलिंग. कागदावर सगळं टापटीप दिसतं. पण काकीने आराखडा पाहिला आणि म्हणाली, "मग ह्या आपला घर कसा काय?" तेव्हापासून माझं मन लागत नाहीये.

बजेट १२ लाख, फार ताणलं तर १४. आईचे गुडघे दुखतात, हे धरून सांगा. काय राखावं, काय बदलावं? ज्यांनी गावचं घर दुरुस्त केलंय त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

चिरा_आणि_चुना

ताई, जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे आधी पाण्यावर खर्च करा. वरून येणारं, बाजूने झडीचं येणारं आणि जोत्यातून वर चढणारं. ही तीन पाणी थांबल्याशिवाय आतल्या रंगाला आणि लाद्यांना हात लावू नका. छपराचं लाकूड एकेक करून तपासून घ्या. तुमच्याकडे वासे आणि भाल (छपराचा मधला आडवा तुळया) बहुधा आईन किंवा किंजळीचे असतील. असं जुनं लाकूड आज त्या दर्जाचं मिळणं कठीण आहे. टोकं कुजली असतील तर तेवढा भाग कापून नवीन जोड देता येतो, पूर्ण वासा फेकायची गरज नसते. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) मात्र सरसकट नव्या घाला.

आता भिंती. तुमच्या ठेकेदाराशी माझा सगळ्यात मोठा मतभेद इथेच आहे. तुमचा चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी चढवली की ओल आत कोंडते, आणि दोन-तीन पावसांत खालच्या हातभर पट्ट्यात पोपडे सुटायला लागतात. मग लोक वॉटरप्रूफ रंग मारतात, त्याने ओल आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा ठेवा. जिथे चिरा चांगला आहे तिथे गिलावा न करता फक्त दगडांमधल्या दरजा (सांधे) भरा, त्याही चुन्यात. दरजा कडक सिमेंटच्या भरल्या तर दरज राहते आणि चिरा झिजतो, हे आपल्याकडच्या कित्येक घरांत पाहायला मिळेल.

रंग म्हणून चुनाच द्या. नीळ घातली की आपल्या घरांचा तो निळा रंग येतो, पिवळी माती घातली की पिवळा, आणि खाली गेरूचा पट्टा. खर्च किरकोळ, आणि दर वर्षी गणपतीआधी घरच्या घरी हात फिरवता येतो.

माडाची_सावली

चुन्याबद्दल सहमत. कौलांबद्दल नाही.

मी सावंतवाडीजवळ राहते, कायमची. आमच्याकडे माकडांचा उपद्रव इतका वाढलाय की ऐन पावसात कौलं फुटतात आणि परतायला माणूस मिळत नाही. पूर्वी मे महिन्यात कौलं परतणारी माणसं गावातच असायची, आता ती मुलं गोव्याला कामाला आहेत. साठीच्या पुढची बाई एकटी राहणार असेल तर मध्यरात्री बादल्या लावत फिरायचं कोणी? आम्ही पत्रे घातले. दुपारी तापतं आणि पावसात आवाज होतो हे खरं आहे, पण सासू-सासरे कोरड्या अंथरुणात झोपतात. छपराच्या सौंदर्यापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

पडवीतून

माकडं आमच्याकडेही आहेत, गेल्या वर्षी पडवीची बाजू त्यांनीच फोडली. आईची काळजी आहे ती हीच. पण पत्रा घातला की माजघरातला गारवा जाणार. त्यावर काही मधला मार्ग आहे का?

चिरा_आणि_चुना

आहे, आणि माडाची_सावली यांचा मुद्दा रास्त आहे म्हणूनच सांगतो. खाली पत्रा, वर कौलं. वाशांवर पत्रा बसवायचा, त्यावर रिपा ठोकून नेहमीसारखी कौलं रचायची. माकडाने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून पागोळीला निघून जातं, आत येत नाही. मधल्या पोकळीमुळे ऊनही बरंच अडतं आणि आवाज कमी होतो. फुटकी कौलं मग पाऊस ओसरल्यावर सवडीने बदलता येतात. मात्र मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं असतं आणि ओलं झाल्यावर आणखी जड, त्यात पत्र्याचं वजन. वासे तेवढ्या ताकदीचे आहेत का हे आधी बघा. कमजोर असतील तिथे लोखंडी चौकोनी पाइप द्या, खालून लाकडाची फळी मारली की दिसत नाही.

कौलं उतरवताना उलटून बघा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे बरेच कारखाने झाले आणि समुद्रमार्गे ही कौलं आपल्या बंदरांत उतरत. जुन्या कौलांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. धड असलेलं जुनं कौल टणक असतं, विकू नका. दर्शनी बाजूला तीच लावा, नवीन मागे.

आणि प्रत्येक खोलीत एक-दोन काचेची कौलं घाला. माजघराला खिडकी नसते, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. पत्र्याला त्या जागी पारदर्शक तुकडा द्यायला विसरू नका, नाहीतर काचेच्या कौलाचा उपयोग नाही.

पेडण्याचो

जमिनीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

व्हिट्रिफाइड नको. जून-जुलैत दमट हवेने ती लादी घाम सोडते आणि गुडघेदुखीच्या माणसाला त्यावर चालायचं म्हणजे जिवाची भीती. शेणाची जमीन मला मनापासून आवडते, पण तिला आठवड्याला सारवण लागतं, ते आईंवर टाकू नका. लाल कोबा करा. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड घालून घोटून केलेली जमीन. आमच्या आजोळच्या घरात माझ्या जन्माआधीची आहे, अजून आरशासारखी लखलखते. पायाला गार, पुसायला सोपी, खोबरेल तेलाचा हात दिला की चकाकते. न्हाणीत मात्र खरखरीत शहाबादी.

दोन अटी. गवंडी घोटाईचा जाणकार हवा, आणि घाई करायची नाही. आठ-दहा दिवस पाणी धरून ठेवायचं, त्या दिवसांत त्यावर कोणीही चालायचं नाही. मोठ्या खोलीत काचेच्या पट्ट्या टाकून चौकोन पाडा, म्हणजे तडा वाटेल तसा धावत नाही.

लोट्यावर नक्षी हवी असेल तर सिमेंटच्या दाबलेल्या लाद्या बघा. मुंबईत भारत टाइल्स १९२२ पासून त्या करतात. महाग आहेत, तेव्हा पूर्ण घरभर नको, दारासमोर सतरंजीएवढा तुकडा पुरे. हळदीचा आणि तेलाचा डाग धरतात, म्हणून स्वयंपाकघरात नकोच.

तुम्हाला जमलं तर पर्वरीजवळ तोर्डा इथलं हाउसेस ऑफ गोवा संग्रहालय आईंसोबत बघून या. दारं, खिडक्या, गजाच्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या, सगळं मांडून ठेवलंय. घरी परतल्यावर आपल्याच घराची जुनी कडी-कोयंडे वेगळ्या नजरेने दिसतील.

ठाण्यातली_मालवणी

मी थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही मालवणजवळचं घर दुरुस्त केलं.

फॉल्स सीलिंग अजिबात करू नका! ताई, गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) कुठे बांधणार? आमच्या शेजारच्या घरात पीओपी केलं आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री सगळे वर बघत उभे. माटवीला कवंडाळ, नारळ, सुपारीचे घोस, तवशी, सगळं टांगायचं तर वरचे वासे उघडे हवेत. आणि फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर राहायला येतात ते वेगळंच.

देवाची खोली सोडून, जिथे गणपती बसतो ती भिंत वेगळी धरा. आमच्याकडे मागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची पद्धत आहे. माझे चुलते मोर, वेल आणि मधे ओंकार काढायचे, आता माझी भाची काढते. सगळीकडे कायमचा रंग देणारे असतील तरी ती भिंत चुन्याची, पांढरी, मोकळी ठेवा. तुमच्या घरात ही पद्धत बंद पडली असेल तर ह्या निमित्ताने परत सुरू करा. कुठलंही महागडं वॉलपेपर लावून येणार नाही इतकं ते घर तुमचं होईल.

सजावट म्हणून बाहेरून आणायचंच असेल तर तुमच्या हाकेच्या अंतरावर पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे कथा सांगायला वापरतात ती चित्रं, लोट्यावर लावा. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ह्याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुमची लहानपणची असतील तर माळ्यावरून खाली आणा, कोनाड्यात ठेवा. जातं, उखळ, वायन, पाटा ह्यांना वार्निश मारून प्रदर्शन मांडू नका, मला ते बघून वाईट वाटतं. जे वापरात येईल ते वापरा. उखळात पोहे कांडणार नसाल तर ते मागच्या पडवीत जिथे होतं तिथेच असू द्या.

हल्ली गावची घरं होमस्टेसारखी दिसायला लागली आहेत. वेताचे दिवे, पितळी घंटा, पांढऱ्या गाद्या. पाहुण्याला आवडतं. पण तिथे राहणाऱ्या बाईला पापड वाळत घालायला जागा लागते, कोकमं सुकवायला लागते, भर दुपारी पाठ टेकायला लागते. तुमच्या आईंना आधी विचारा, दिवसभर त्या कुठे बसणार? आमच्या आईचं उत्तर होतं, लोट्याच्या उजव्या टोकाला, जिथून रस्ता दिसतो. मग आम्ही तिथे पाठीला कलती फळी असलेला कट्टा केला, खाली धान्याच्या डब्यांची जागा. अख्ख्या घरात आम्ही केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ती.

न्हाणी आणि संडास घराबाहेर असतील तर मागच्या पडवीतून छप्पर ओढून जोडा. पावसात रात्री छत्री घेऊन जायला लागू नये. कमोड, भिंतीला धरायला दांडा, आणि पायऱ्या कमी उंचीच्या.

वायरमन_वेंगुर्ला

फक्त विजेचं बोलतो. वायरिंग संपूर्ण नवीन. चिऱ्यात खाचा मारू नका, पाइप भिंतीवरूनच न्या, सरळ ओळीत नेलं की वाईट दिसत नाही. अर्थिंग नवीन, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाच पाहिजे, ओल्या भिंतीच्या घरात तो जीव वाचवतो. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरात विजा पडतात, सर्ज प्रोटेक्टर घाला. दिवे पिवळसर घ्या, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं. लाल जमिनीवर आणि लाकडावर पांढरा दिवा चांगला दिसत नाही.

माडाची_सावली

वाळवी! कोबा घालायच्या आधी करून घ्या, नंतर जमीन फोडावी लागते. भिंत आणि जमीन मिळते त्या कडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. विहीर जवळ असेल तर त्या बाजूला औषध सोडू देऊ नका, आधीच ठणकावून सांगा. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल द्या, जुन्या लोकांचा उपाय आहे. अंगावर उडालं तर भाजतं, हातमोजे घालून काम करायला लावा.

आणि पत्रा-कौल दोन्हीचा उपाय मला माहीत नव्हता, आमच्या मागच्या पडवीला तो करून बघणार आहे.

पडवीतून

खूप आभार. आईशी आणि काकीशी बोलले. आत्तापर्यंत ठरलं ते असं : पत्रा आणि वर कौलं, चुना, लाल कोबा, फॉल्स सीलिंग रद्द. आईने बसायची जागा सांगितली, ती मला वाटली होती त्यापेक्षा अगदीच वेगळी निघाली. तिला मागची पडवी हवी आहे, कारण तिथून विहीर आणि शेजारच्या मावशींचं मागचं दार दिसतं. मी सगळा खर्च दर्शनी लोट्यावर धरला होता, तो आता मागे वळवते.

दोन प्रश्न उरलेत. उतरलेल्या कौलांतली जी कडेला फुटलेली आहेत त्यांचं काय करू? आणि कामाचा क्रम कसा लावू, गणपतीला सगळे येणार आहेत.

चिरा_आणि_चुना

फुटकी कौलं टाकू नका. नवीन न्हाणीला स्लॅब घालणार असाल तर त्यात वापरा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे खूप केलं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं भार घेत नाही, तिथे सळ्यांच्या चौकोनांत जुनी कौलं ठेवायची. काँक्रीट आणि वजन दोन्ही वाचतं, स्लॅब कमी तापतो आणि खालून कौलांची नक्षी दिसते. फक्त सळ्यांचं गणित इंजिनीअरकडूनच करून घ्या.

क्रम : दिवाळीनंतर लाकूड तपासणी आणि वाळवी. डिसेंबर-जानेवारीत छप्पर. छप्पर झाल्यावर वायरिंग, मग दरजा आणि गिलावा, त्याला वाळायला भरपूर वेळ द्या. कोबा मार्चमध्ये. न्हाणीचं काम ह्या सगळ्याच्या बरोबरीने चालू शकतं, आईंची अडचण त्यामुळे लवकर सुटेल. पहिला पाऊस घरावरून जाऊ द्या, कुठे गळतंय, कुठे ओल येतेय हे खडूने खुणा करून ठेवा. ते दुरुस्त करून चुन्याचा शेवटचा हात श्रावणात उघडीप बघून. १४ लाखांतले दीड लाख ह्या पावसानंतरच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवा, ठेकेदाराला तो आकडा सांगू नका.

घोटाईचा गवंडी पेडण्याचो यांच्या ओळखीत असेल तर त्यांना निरोप करा. आपल्या भागात ते काम येणारे आता थोडेच आहेत आणि त्यांचे दिवस आधीच ठरलेले असतात.

पेडण्याचो

ओळखीत दोघे आहेत. ताई, निरोपात खोल्यांची मापं कळवा. मार्चसाठी आत्ताच सांगून ठेवतो.