बहिणीला ओव्हरीचा कॅन्सर, पहिली स्टेज. पुढच्या उपचारांबद्दल मदत हवी आहे

माझी धाकटी बहीण ३२ वर्षांची, साताऱ्याला असते. लग्नाला चारेक वर्षं झाली, मूल अजून नाही. पाळीत फार दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली. सीए-१२५ (कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं होतं, पण एंडोमेट्रिओसिसमध्येही (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, त्यातूनच अशी सिस्ट होते) ते वाढतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. दुर्बिणीतून सिस्ट काढली, काढताना ती फुटली. बायोप्सीत एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा (ओव्हरीच्या कॅन्सरचा एक प्रकार), ग्रेड १, म्हणजे सावकाश वाढणारा, आला. सीटी स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसत नाही.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढून टाका, मग केमोचे सहा डोस. दुसऱ्या बाई गायनॅक कॅन्सर सर्जन आहेत. त्या म्हणतात, आधी नीट स्टेजिंगचं, म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते पाहण्याचं, ऑपरेशन करू : उजवी ओव्हरी आणि नळी काढायची, पोट धुऊन ते पाणी तपासायचं, आतड्यावरची चरबीची झालर काढायची, पोटाच्या अस्तराचे तुकडे घ्यायचे, गरज वाटली तर लिम्फ नोडही. सगळं स्वच्छ आलं तर डावी ओव्हरी आणि पिशवी ठेवता येईल.

गाठ एकाच ओव्हरीत आणि अखंड असती तर स्टेज १ए. ऑपरेशनमध्ये फुटली म्हणून १सी१ धरतात, एवढं समजलं. १ए आणि ग्रेड १ असेल तर केमो देत नाहीत. १सी१ ला काय करतात? मूल होण्याची आशा ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे का? आईचं म्हणणं एकच, पोरगी वाचू दे, बाकी काही नको. बहीण मात्र गप्प झाली आहे. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद : मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्वांत आधी स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) ताब्यात घ्या आणि टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्या. चॉकलेट सिस्टमधून क्लिअर सेल कार्सिनोमा हा दुसरा प्रकारही होतो आणि त्याचे उपचार वेगळे. सगळा निर्णय त्या रिपोर्टवर उभा आहे. त्याच ब्लॉकवर एमएमआर (पेशीतली डीएनए दुरुस्तीची प्रथिनं) तपासणी करायला सांगा, या प्रकारात लिंच सिंड्रोमची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, शक्यता पाहावी लागते. बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दलही विचारा.

केमोबद्दल : २००३ मध्ये आयकॉन-१ आणि अ‍ॅक्शन या दोन चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष आले. सुरुवातीच्या स्टेजमध्ये ५ वर्षं जगण्याचं प्रमाण केमोशिवाय ७४ टक्के, केमोने ८२ टक्के. पण त्यातल्या बऱ्याच जणींचं स्टेजिंग अपुरं होतं. अ‍ॅक्शनमध्ये ज्यांचं पूर्ण झालं होतं, त्यांच्यात केमोचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणून मला दुसऱ्या डॉक्टरांचा क्रम पटतो. १सी१, ग्रेड १ मध्ये काही तज्ज्ञ केमो देतात, काही फक्त लक्ष ठेवतात. दोन्ही मान्य आहे.

प्रतिसाद : ताई, मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते. पिशवी ठेवायची असेल तर क्युरेटिंग करून आतलं अस्तर तपासायला सांगा. या प्रकारात पिशवीतही त्याच वेळी कॅन्सर असू शकतो. माझ्या वेळी हे मी विचारल्यावर झालं. केमो ठरलीच तर सुरू होण्याआधी फर्टिलिटीच्या डॉक्टरांना भेटा. मला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन दर तीन आठवड्यांनी दिलं. केस गेले ते परत आले, बोटांची बधिरता मात्र बराच काळ राहिली. मुलं झाल्यावर उरलेली ओव्हरी काढायचा सल्ला बहुधा देतात, तेही बहिणीला आत्ताच सांगून ठेवा. आणि डॉक्टरांकडे तिलाच बोलू द्या. आपण नातेवाईकच बोलत राहतो आणि तिचे प्रश्न तिच्यापाशीच राहतात.

धागाकर्ती : दोघांचे मनापासून आभार. क्युरेटिंगचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ब्लॉकसाठी अर्ज बहिणीच्या सहीने द्यावा लागेल की तिच्या नवऱ्याची सही चालते? आणि ब्लॉक तपासून यायला साधारण किती दिवस लागतात? ऑपरेशनची तारीख त्यानंतरचीच घ्यायची आहे.