फिरायला जाताना कानाला लावायचा रेडिओ (हेडफोनमध्येच एफएम असलेला) कुणी वापरलाय का?

सहकारनगरची:
नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. ते रोज सकाळी पुण्यात तळजाई टेकडीवर फिरायला जातात आणि त्यांना रेडिओ लागतोच, म्हणजे सात दहाच्या बातम्या आणि मग विविध भारती, त्याशिवाय फेरी झाली असं त्यांना वाटतच नाही. इतकी वर्षं छोटा ट्रान्झिस्टर हातात धरून जायचे पण आता गुडघ्यामुळे काठी आलीये, एका हातात काठी एका हातात रेडिओ, मग मधेच कुत्रं अंगावर आलं तर काय करणार. फोनवर ऐका म्हटलं तर "फोन घरीच बरा, तेवढीच तासभर शांतता" हे उत्तर. ऑनलाइन बघितलं तर डोक्यावर घालायचे हेडफोन दिसतात ज्यात रेडिओ आतच असतो, वायर बियर काही नाही. पण रिव्ह्यू वाचून डोकं फिरलं, एक म्हणतो एकदम भारी आणि लगेच खाली दुसरा म्हणतो नुसती खरखर, पैसे पाण्यात. कुणी स्वतः वापरलाय का? घाम, पाऊस, बॅटरी सगळंच सांगा. आणि बटणं जितकी कमी तितकं बरं.

पळपुटा:
ताई मी घेतला होता, त्या स्वस्तातल्या प्रकारातला, ब्लूटूथ पण मेमरी कार्ड पण आणि एफएम पण. कंपनीचं नाव घेत नाही. कार्डवरची गाणी मस्त वाजतात पण एफएम म्हणजे निव्वळ नावाला. एकतर स्क्रीन नाही त्यामुळे कुठलं स्टेशन लागलंय ते आरजे तोंड उघडेपर्यंत कळत नाही. एक बटण दाबून धरलं की तो आपणहून सगळा बँड शोधत बसतो आणि त्या वेळी जे सिग्नल जोरात असतील तेवढेच साठवतो. घरात स्कॅन केला तर दोन-तीनच सापडली, तेच गच्चीत जाऊन केलं तर सगळी. आणि माझ्यावाल्यात बंद करून चालू केला की परत पहिल्यापासून शोधकाम, वर प्रत्येक वेळी ती बाई कानात मोड कुठला ते इंग्रजीत ओरडणार. आवाज वाढवायचं आणि पुढच्या स्टेशनवर जायचं बटण एकच, जरा जास्त वेळ दाबलं गेलं की विविध भारतीवरून थेट कुठल्यातरी जाहिरातीत. पळताना मला वैताग येतो, तुमचे बाबा तर काठीनेच फोडतील.

रेडिओवेडा:
खरखरीचं कारण अँटेना आहे, कंपनी भारी असो वा साधी. एफएमची लहर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ३ मीटर लांब असते, ती नीट पकडायला साधारण पाऊण मीटर वायर तरी हवी. छोट्या रेडिओत आणि फोनमध्ये इअरफोनची वायरच ते काम करते, म्हणून तर बहुतेक फोनमध्ये वायरवाला इअरफोन खोचल्याशिवाय एफएम सुरूच होत नाही, ब्लूटूथवाला लावून उपयोग नसतो. डोक्यावरच्या हेडफोनात एवढी जागा आणणार कुठून, मग ती तार डोक्यावरच्या पट्टीत दडवलेली असते नाहीतर कानाजवळ बोटभर काडी बाहेर काढलेली असते. म्हणजे "वायर नाही" म्हणून जे कौतुक चाललंय तिथेच रेडिओचा जीव जातो. उघड्या पठारावर छान येईल, खाली झाडीत किंवा टेकडीच्या आडोशाला गेलात की शंख. रिव्ह्यू उलटसुलट का आहेत ते यावरून कळेल, दोघंही खरंच बोलतायत फक्त राहतात वेगवेगळ्या ठिकाणी.

दुसरी गोष्ट जी कुणी विचारली नाही. बाबा बातम्या कुठल्या बँडवर लावतात ते आधी बघ. पुणे केंद्राच्या मिडीयम वेव्हवर (एफएमहून वेगळा, रेडिओवरचा जुना बँड), ७९२ किलोहर्ट्झला लावत असतील तर हे नुसते एफएमवाले हेडफोन घेऊन अर्धंच काम होणार. मिडीयम वेव्हवाले हेडफोनही मिळतात, त्यात कानाच्या डब्यात काळी फेराइटची कांडी असते, मिडीयम वेव्हची अँटेना तीच, आणि तिला दिशा लागते. घरी रेडिओ फिरवून बघितलाय ना, एका बाजूला आवाज मोठा आणि दुसरीकडे बारीक? तेच तुमच्या डोक्याचं होतं. मैदानाला गोल फेऱ्या मारणाऱ्याला दर वळणावर बातमी अर्धी ऐकू येते. शिवाय स्वस्तातले एलईडी दिवे आणि विजेच्या तारा यांच्याखालून गेलं की घर्रर्र, ते एफएमला एवढं जाणवत नाही.

कोथरूडकर (सध्या न्यू जर्सी):
वेड्याशी सहमत. अजून एक भर, कुणी अमेरिकेतून आणणार असेल तर थांबा. इथे लॉन कापणारे, कारखान्यातले लोक कानावर रेडिओवाले इअरमफ घालतात, थ्रीएमचा वर्कट्यून्स वगैरे, आवाज झकास असतो. मीही वडिलांना द्यायचा विचार करत होतो. पण इथल्या बऱ्याच डिजिटल रेडिओत आकडे दोन-दोनने उड्या मारतात, १००.९ मग एकदम १०१.१, कारण इथली सगळी स्टेशनं विषम आकड्यावर. आणि आपली पुण्याची विविध भारती १०१.० ला! बरोब्बर मधे, म्हणजे लागली तरी फाटकी. मिडीयम वेव्हचं तसंच, इथे दहा-दहाच्या पायऱ्या आणि आपल्याकडे नऊच्या, त्यामुळे ७९० लागेल नाहीतर ८०० लागेल, ७९२ नाही. काही मॉडेलमध्ये हे बदलायचं सेटिंग असतं, ते घेण्याआधी विचारा. गोल चकती फिरवून स्टेशन लावायचं असेल तर हा प्रश्नच येत नाही.
आणि हे इअरमफ बाहेरचा आवाज बंद करायलाच बनवलेले असतात. मागून गाडी आलेली कळणार नाही, काठीवाल्या माणसाला नकोच.

खडूस_आजोबा:
तळजाईला मोर ओरडत असतात ते ऐकायचं सोडून कानात बोळे कशाला? पण एक आहे, मोबाइलवर भजनं मोठ्याने लावून अख्ख्या टेकडीला ऐकवणाऱ्यांपेक्षा हेडफोनवाले परवडले. बाबांना सांग एक कान मोकळा ठेवा.

शिवाजीपार्कची काकू:
अगं एवढं शोधतेस कशाला, सोपं आहे. खिशात मावेल असा दोन बँडचा (एफएम आणि मिडीयम वेव्ह) चकतीवाला रेडिओ घे, दोन पेन्सिल सेल लागणारा, तो कमरेच्या पाऊचमध्ये टाक आणि वायरवाला इअरफोन एकाच कानात. हात मोकळे, वायर हीच अँटेना, आणि सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, चार्जिंग विसरलो म्हणून बातम्या बुडत नाहीत. यातले बरेच रेडिओ मोनो असतात त्यामुळे आवाज एकाच कानात येतो, बिघडलाय म्हणून परत करू नकोस! स्टिरिओ असला आणि मोनोचं बटण असलं तर ते मोनोवर ठेव, सिग्नल बारीक असताना सूं सूं बरीच कमी होते.
मी पार्कात फेऱ्या मारताना १००.७ ला एफएम गोल्ड ऐकते, काही अडचण नाही. आमचे हे आधी डोक्यावरचा घालायचे, त्याचा स्पंज घामाने इतका कुजला की काळे तुकडे केसात अडकायचे, शेवटी जुन्या मोज्याचं कापड कापून मी शिवलं. आणि डोकं तापतं ते वेगळंच, एप्रिल-मेमध्ये सकाळी सातलासुद्धा कानाभोवती घामाच्या धारा. पाऊचचं असं नाही, पावसाळ्यात रेडिओ दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळायचा की झालं. फक्त जॅकच्या भोकात घाम जाऊ देऊ नका, तिथे हिरवट गंज चढतो आणि मग चालताना प्रत्येक पावलाला कर्रकर्र.

पळपुटा:
काकूंना +१. तरुण मंडळींनी वाचलं तर सॅनडिस्कचा क्लिप बघा, टी-शर्टला अडकवायचा, काडेपेटीएवढा, गाणी पण एफएम पण. एफएमला वायरवालाच इअरफोन लावावा लागतो, आता कारण वरती आलंच आहे. मिडीयम वेव्ह नाही त्यात, त्यामुळे बाबांच्या कामाचा नाही.

सहकारनगरची:
सगळ्यांचे खूप आभार! बाबांचा ट्रान्झिस्टर बघितला, काटा मिडीयम वेव्हवरच होता आणि त्या जागेवर पट्टीला बॉलपेनने खूण केलेली, त्यामुळे हेडफोन बाद. पाऊचवाली आयडिया सांगितली तर आधी खूश झाले आणि मग म्हणतात, "सगळं मी एकटाच ऐकणार? आणि वर कट्ट्यावरच्या बाकीच्यांचं काय?" म्हणजे इतके दिवस हे तिथले आकाशवाणी केंद्र होते आणि आम्हाला पत्ताच नाही.

शिवाजीपार्कची काकू:
मग कट्ट्यावर पोचले की इअरफोनची पिन उपटायची, स्पीकर आपोआप चालू होतो. बातम्यांना मिडीयम वेव्हच असल्याने वायर निघाली तरी फरक पडत नाही, विविध भारतीच्या वेळी तेवढी मागची काडी वर करायला सांग. घेताना बघून घे मात्र, काही रेडिओंना स्पीकरच नसतो.