मदत हवी आहे: कोडाच्या बायोप्सीत सीडी३ पेशी दिसतात, मग सीडी८ जातात कुठे?

धागाकर्ता
कोडाच्या पसरत्या डागाच्या कडेवरून ४ मिमी पंच (त्वचेचा गोल तुकडा) घेतला आहे. बाह्यत्वचेत ठाण मांडून बसलेल्या सीडी८ स्मृतिपेशी (मारक टी-पेशींचा प्रकार) फ्लो सायटोमेट्रीवर (चमकत्या अँटिबॉडी लावून पेशींवरच्या खुणा मोजणारं यंत्र) मोजायच्या आहेत. डिस्पेज (त्वचेचे थर सोडवणारं एन्झाइम) २.४ युनिट प्रति मिली, ३७ अंशांवर २ तास. मग बाह्यत्वचा सोलून बारीक चिरली, त्याच द्रावणात आणखी अर्धा तास ठेवली आणि ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळली. सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण), सीडी३ (टी-पेशींची खूण) स्वच्छ दिसतात. पण निम्म्याहून जास्त सीडी३ पेशी ना सीडी४ (मदतनीस टी-पेशींची खूण) दाखवतात, ना सीडी८. त्याच अँटिबॉडी रक्तावर चोख चालतात. चुकतंय कुठे?

केराटिन
रक्ताला एन्झाइम लागलंच नव्हतं, गोम तिथेच आहे. डिस्पेज पेशींवरची काही प्रथिनंही कुरतडतं, आणि सीडी४, सीडी८ त्यात हमखास सापडतात. पेशी आहेत, त्यांच्यावरची खूण गेली आहे.

आधी खात्री करा. त्याच व्यक्तीच्या रक्तातल्या पेशींचे दोन भाग करा. एकाला तेवढंच डिस्पेज, तेवढाच वेळ द्या, दुसऱ्याला नुसतं माध्यम. पहिल्यात सीडी८ची चमक घसरली की चोर सापडला.

मग डिस्पेज फक्त थर सुटण्यापुरतं वापरा: अखंड तुकडा, ४ अंश, रात्रभर. सोलल्यावर नीट धुवा, चिरा नंतरच. चिरलेला तुकडा डिस्पेजमध्ये ठेवला की मोकळ्या पेशी थेट त्याच्या तोंडी जातात. पुढे १० टक्के सीरम घातलेल्या आरपीएमआय या पेशी-माध्यमात ३७ अंशांवर रात्रभर विसावू द्या, प्रथिनं पुन्हा पृष्ठभागावर येतात. या विसाव्यात काही पेशी मरतात, म्हणून मृत पेशींचा रंग वगळू नका.

कोलॅजिनेज ४ (कोलॅजन तोडणारं एन्झाइम) वापरणार असाल तर त्या पायरीपर्यंत ईडीटीए नको. त्याला कॅल्शियम लागतं, ईडीटीए तेच पळवतं.

मेलॅनोफाज
वरचं बरोबर, पण सगळ्या दुहेरी निगेटिव्ह (ना सीडी४, ना सीडी८) पेशी एन्झाइमच्या माथी मारू नका. त्वचेत गॅमा-डेल्टा (वेगळ्या रिसेप्टरच्या) टी-पेशी असतात आणि त्यांतल्या बऱ्याच मुळातच सीडी४, सीडी८ दाखवत नाहीत. पॅनेलमध्ये गॅमा-डेल्टा रिसेप्टरची अँटिबॉडी घाला. इंटरफेरॉन-गॅमा (टी-पेशी सोडतात तो संदेशरेणू) पाहायला पीएमए (पेशी चेतवणारं रसायन) देणार असाल तर सीडी४ त्यानेही पृष्ठभागावरून आत ओढला जातो.

धागाकर्ता
धन्यवाद, रक्ताचे दोन भाग आधी करतो. सीडी६९ पॉझिटिव्ह म्हणजे निवासी (त्वचेत ठाण मांडून बसलेल्या) पेशी, असं धरलं तर चालेल?

केराटिन
एकट्या सीडी६९वर नको. नुकत्याच चेतलेल्या पेशीही तो दाखवतात, आणि रात्रभरच्या विसाव्यात तो बदलू शकतो. सोबत सीडी१०३ घ्या. तो केराटिनोसाइटवरच्या (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी) ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरतो, म्हणून पेशी बाह्यत्वचेत टिकते. सीडी४९ए तर घ्याच. सीडी८ निवासी पेशींत सीडी४९ए असलेल्या इंटरफेरॉन-गॅमा काढतात आणि मारक असतात, कोडात रंगपेशींवर त्याच उठतात. सीडी४९ए नसलेल्या आयएल-१७ या दाहक संदेशरेणूकडे झुकतात, तो सोरायसिसचा नमुना.

मेलॅनोफाज
एका पंचातून मोजक्याच पेशी मिळतात. नळी शेवटच्या थेंबापर्यंत चालवा. जुन्या डागाच्या मध्यातून नमुना घेऊ नका, तिथे रंगपेशी संपलेल्या असतात आणि हल्ला चालू असतो तो कडेला. केराटिनोसाइटची स्वतःची चमक ओळखायला एक चॅनल रिकामं ठेवा. पुढच्या नमुन्यांना परवानगी असेल तर सक्शन ब्लिस्टरचा विचार करा. फोडातल्या द्रवात टी-पेशी मोकळ्याच मिळतात, एन्झाइम लागतच नाही.