एमएस, ड जीवनसत्त्व आणि गच्चीवरचं ऊन

ए-२०१ काकू: सी-५०३, तुमच्या सुनेला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे ना? ड जीवनसत्त्व कमी पडलं की होतो म्हणतात. रोज तासभर गच्चीवर उन्हात बसवा. ड ची ६०,००० युनिटची पाकिटं आहेत माझ्याकडे, रोज एक द्या.

सी-५०३: काकू, तुम्ही मायेनं सांगताय, म्हणून मोकळेपणानं लिहिते. रोज नको हो! ते आठवड्याला एक असतं, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. ड अंगात साठतं. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला त्रास. तिचं ड निदानाच्या वेळी ११ होतं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. औषधानं आता ३८ आहे.

आणि ऊन तिला सोसत नाही. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय उचलत नाहीत. एप्रिलमध्ये दुपारी पौड रोडवरून चालत आली आणि दारातच बसली. गार झाल्यावर तासाभरात सावरली, पण माझे हातपाय गळाले होते.

डी-१०४: पण ड चा संबंध आहेच ना?

सी-५०३: आहे दादा. ज्यांचं ड कमी, त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो. पण झालेला आजार ड घेऊन आटोक्यात येतो का, हा प्रश्न वेगळा. बऱ्याच चाचण्यांत एमएसचे अटॅक कमी झाले नाहीत. २०२५ मध्ये फ्रान्सची एक आली: एमएससारखा पहिलाच झटका आलेल्यांना दर पंधरवड्याला १ लाख युनिट. दोन वर्षांत साधारण ६०% जणांत आजारानं पुन्हा डोकं वर काढलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ७४%. डॉक्टर म्हणाले, आशा वाटते, पण मुख्य औषध सोडायचं नाही.

बी-३०२: सी-५०३ काकू, माझ्याही पायांना मुंग्या येतात. भीती वाटायला लागली.

सी-५०३: अगं, आधी बी-१२ तपास. ते कमी असलं तरी मुंग्या येतात, तोल जातो, अगदी एमएससारखं. आपल्या शाकाहारी घरांत तर फार. हिचंही आधी तेच पाहिलं होतं. आणि केसांसाठी बायोटिन घेतेस ना? लॅबमध्ये सांग, थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो त्यानं.

ए-२०१ काकू: पाकिटं राहू देत मग. तिला भेटायला कधी येऊ?

सी-५०३: सातनंतर गच्चीवर या, गार वाऱ्यात बसते ती. सेक्रेटरी साहेब, गुरुवारी लाइट गेली की जनरेटरवर आमच्या घरचा एक पंखा चालेल का?