‘माया’, ‘मिथ्या’ आणि ‘चिद्विलास’

‘मिथ्या म्हणजे खोटे आणि माया म्हणजे भ्रम, तेव्हा संतांनी जग खोटे मानले असे लिहिता येईल का?’ असा मूळ प्रश्न आहे. माझ्या मते तसे लिहू नये.

शंकराचार्यांच्या अद्वैतात ‘मिथ्या’ आणि ‘असत्’ हे समानार्थी शब्द नाहीत. सशाचे शिंग असत् आहे, कारण ते कधी कोणाला दिसतच नाही. दोरीवर भासलेला साप मात्र दिसतो, माणसाला दचकवतो आणि दिवा आणताच नाहीसा होतो, म्हणून त्याला सत्ही म्हणता येत नाही आणि असत्ही. या अवस्थेचे नाव ‘मिथ्या’. ‘मिथ्या आरोप’ मधला रूढ अर्थ चुकीचा नव्हे, पण तो तत्त्वचर्चेत शिरला की घोटाळा होतो.

‘माया’ हा शब्द ऋग्वेदात इंद्र-वरुणांच्या अद्भुत सामर्थ्यासाठी येतो. मराठीत आईची माया असते, कोणी जमवलेली माया असते (ती बहुधा सरळ मार्गाची नसते) आणि शिंप्याचीही माया असते: पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड, जे पुढे अंग भरल्यावर शिवण उसवून उपयोगी आणता येते. वेदान्तातील मायेशी याचा धागा जोडण्याचा मोह मी टाळतो, पण यांपैकी एकाही अर्थात ‘नसलेली वस्तू’ अभिप्रेत नाही.

संतवाङ्मयात मायेचा निषेध पुष्कळ आहे, हे खरे. तरीही ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात, ज्यामुळे जग भासते असे शांकरमत सांगते त्या अज्ञानाचेच खंडन केले आणि जगाला चैतन्याचा विलास, म्हणजे चिद्विलास, म्हटले. चांगदेव पासष्टीत त्यांनी दृष्टान्त दिला आहे तो सोन्याचा: सोनेपण तसूभरही उणे न होता सोने लेणे (दागिना) होते, तसेच परमतत्त्व काहीही खर्च न होता जग होते. दोरीवरचा साप दिवा लागताच जातो, पण लेण्यातले सोने ओळखल्याने लेणे नाहीसे होत नाही. दृष्टान्त बदलला की भूमिकाही बदलते, आणि काव्याचा विषयही. सावता माळ्याला आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठाई दिसते. जग टाकाऊ मानणाऱ्याच्या काव्यात भाजीला ही जागा मिळाली नसती.

म्हणून शांकरमताविषयी लिहिताना ‘मिथ्या’ हाच शब्द, ‘खोटे’ असा अर्थ न देता, ठेवावा. ज्ञानेश्वरांविषयी लिहिताना ‘चिद्विलास’ वापरावा.