कार्पेटचा दर आणि कार्पेट घालायचा दर

सोसायटी परिवार ग्रुप, रविवार सकाळ

बी-३०२: सगळ्यांना नमस्कार. आईचा पलंग पंधरा दिवस हॉलमध्ये का आहे, हे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. म्हणून एकदा नीट लिहिते. लांबेल, पण वाचा. आपल्या इमारतीत अजून तीन-चार घरांत वयस्कर माणसं आहेत, त्यांच्याकडेही कधीतरी हा विषय निघणार.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकरवर आहे. ऑक्टोबरात बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावरून ती घसरली. थोडक्यात निभावलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, खोलीत सुटं काही अंथरू नका, कडा वर येतात आणि वॉकरचा पाय अडकतो. एक तर फरशी मोकळी ठेवा, नाहीतर भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवलेलं, कमी लवीचं कार्पेट घाला. पहाटेची थंडी सध्या किती आहे हे तुम्हाला माहीतच आहे, त्या गार फरशीवर पाय टेकवायला आई घाबरते. म्हणून कार्पेट ठरलं.

दुकान मोठं, एसी, काचेचं. पाटी होती ‘९५ रु. पासून’. आम्हाला आवडलेल्या नमुन्याचा दर ११० रुपये चौरस फूट सांगितला. आमची खोली १० बाय १४, म्हणजे १४० फूट. मी तिथेच उभं राहून विचारलं, “सगळं धरून किती होईल?” सेल्समन म्हणाला, “पंधरा, साडेपंधरा हजार धरून चाला मॅडम.” मी ८,००० आगाऊ भरले. हातात एक कागद मिळाला, वर छापलेलं ‘एस्टिमेट’. त्यावर ना नीट तपशील, ना जीएसटी नंबर.

चार दिवसांनी माप घ्यायला माणूस आला. त्याचे ५०० वेगळे, “बिलात वळते होतील” असं सांगून. त्यानंतर मोबाइलवर जो हिशोब आला तो जसाच्या तसा देते.

कार्पेट १८४ फूट, २०,२४०. अंडरले (कार्पेटखाली घालायचा थर) १८४ फूट, २८ च्या दराने ५,१५२. फिटिंग २,१००. भिंतीकडेची खिळ्यांची पट्टी ४८ फूट, ९६०. दारातली पट्टी ६५०. वाहतूक आणि तिसरा मजला १,२००. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ३५,७५६.

खोली १४० फुटांची आणि कार्पेट १८४ फुटांचं कसं, म्हणून फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, तुम्हाला कार्पेटचा रेट सांगितला होता, कार्पेट घालायचा नाही.” हे वाक्य आठवलं की अजून अंगाची लाही होते. कोणी कार्पेट गुंडाळी करून कोपऱ्यात उभं करायला विकत घेतं का?

ऑर्डर रद्द करते म्हटलं तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही म्हणाले. तोवर खोली रिकामी केलेली, आई हॉलमध्ये दिवसभर टीव्हीच्या आवाजात. शेवटी बसवायला सांगितलं. उरलेले सगळे पैसे हातात पडल्याशिवाय माणसांनी कामाला हात लावला नाही. ११ वाजता येणार होते, संध्याकाळी सहाला आले. आणि काम झाल्यावर बघते तर खोलीचं दार लागेना! अंडरले आणि कार्पेट मिळून जवळजवळ दीड सेंटिमीटर उंची वाढली, दार खाली घासतंय. त्यावर उत्तर, “सुतार बोलवा, आमचं काम नाही.”

आईला दार लोटून घ्यायची सवय आहे. कपडे बदलताना तेवढा आडोसा तिला हवा असतो. आता ते दार अर्धं उघडं राहतं आणि ती मला हाक मारून पडदा धरायला सांगते. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलंय.

ए-२०४: बापरे ताई! आजींना सांगा, काही मदत लागली तर हक्काने हाक मारा. मी दिवसभर घरीच असते.

बी-१०१: आमच्याकडे सोलापुरी सतरंजी आहे, अगदी जाड विणीची. हवी तर घेऊन जा. कशाला एवढा खर्च केलास गं?

बी-३०२: काकू, मनापासून आभार. पण सतरंजी सुटी पडते, तीच तर अडचण आहे. वॉकरचे रबरी पाय कडेत अडकतात.

सी-६०३: वाईट वाटू नका, पण आधीच सगळं विचारून घ्यायला हवं होतं. दुकानदार स्वतःहून कशाला सांगेल?

बी-३०२: दादा, मी विचारलं होतं. ‘सगळं धरून किती’ हेच माझे शब्द होते. अंडरले, खिळ्यांची पट्टी, दारातली पट्टी ही नावं मला माहीतच नव्हती, मग त्यांच्याबद्दल वेगळं विचारणार कसं? ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं की ज्याला नाही त्याने ओळखायचं?

ए-७०१: अगदी बरोबर बोललीस. ग्राहकाला वस्तूची किंमत, दर्जा, प्रमाण यांची माहिती मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९८६ च्या कायद्यात होता आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. पुण्याने तर याबाबतीत देशाला वाट दाखवली, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत इथेच सुरू केली. त्या शहरात बाई माणसाला ‘तुम्ही विचारलं नाही’ असं ऐकवतात, याची चीड येते. पक्कं बिल न देणं ही नव्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी ते बिल लेखी माग.

सी-१०४: ताई, मी पडदे आणि फर्निशिंगच्याच धंद्यात आहे, म्हणून जे खरं आहे ते दोन्ही बाजूंनी सांगतो. १८४ फूट हा आकडा खोटा नाही. हे कार्पेट ४ मीटर रुंदीच्या रोलमध्ये येतं, म्हणजे साधारण १३ फूट. तुमची १४ फुटांची बाजू त्या रुंदीत मावत नाही, म्हणून ती रोलच्या लांबीवर घ्यायची. १४ फूट लांब आणि १३ फूट रुंद कापलं की १८४ च्या आसपास होतं. खोली १० फूट रुंद, म्हणून ३ फुटांची पट्टी बाजूला उरते. दुकानदार ती अर्धवट पट्टी दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही, म्हणून पूर्ण रुंदीचे पैसे लावतो.

पण दोन गोष्टी चुकल्यात. एक, हे ऑर्डर घेताना सांगायचं असतं, कागदावर खोलीचा नकाशा काढून. खोलीचं माप तुम्ही तोंडी दिलं होतं ना? मग १३ फुटांच्या रोलवर १४ फूट बसत नाही हे त्याला त्याच मिनिटाला कळलं होतं. आणि दोन, उरलेली पट्टी कुठे आहे? तिचे पैसे तुम्ही भरलेत, ती तुमची आहे.

बी-३०२: पट्टी? ती तर ती माणसं गुंडाळून घेऊन गेली. मला वाटलं कचरा आहे.

सी-१०४: कचरा नाही ताई. ३ बाय १४, म्हणजे चाळीस-बेचाळीस फूट. तुमच्याच दराने साडेचार हजारांच्या वरचा माल झाला.

ए-२०४: अरे देवा.

सी-१०४: आणि अंडरले दाबून बघा. अंगठ्याने दाबल्यावर खोल जात असेल तर वॉकरसाठी तो बरा नाही, घट्ट हवा. दुसरं, अशा खोलीला मी कार्पेट टाइल सुचवल्या असत्या. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या असतात, २० ची पेटी आली तर ५ चौरस मीटर भरतं. तुमची खोली १३ चौरस मीटरची, तीन पेट्यांत काम झालं असतं आणि चार-पाच टाइल हाताशी उरल्या असत्या. चहा सांडला तर एकच टाइल बदलायची. आणि त्या थेट फरशीवर बसतात, त्यामुळे उंचीही कमी वाढते.

बी-३०२: हे मला दुकानात कोणीही सांगितलं नाही. अंडरले दाबून बघितला, घट्ट आहे. तेवढं तरी बरं झालं.

डी-४०२: मी सीए आहे म्हणून जीएसटीपुरतं बोलते. ताई, कार्पेटवर १८ टक्के कुठून आणले त्यांनी? २२ सप्टेंबर २०२५ पासून कार्पेटचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. १८ तर त्याआधीही नव्हता. फक्त कार्पेटच्या ओळीवर बघा: २०,२४० वर १८ टक्क्यांनी ३,६४३ होतात, ५ टक्क्यांनी १,०१२. म्हणजे २,६३१ रुपये जास्त. अंडरले कशाचा आहे यावर त्याचा दर ठरतो, फिटिंगबद्दल वाद घालता येईल, पण कार्पेटच्या ओळीवर वादच नाही.

आणि ज्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही त्यावर जीएसटी मागता येत नाही. पक्कं बिल मागा, त्यावर प्रत्येक वस्तूचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक, लिहायला लावा. कार्पेटचा कोड ५७ ने सुरू होतो.

सी-६०३: मॅडम, हे मलाही नवीन आहे. ताई, मघाशी मी जरा पटकन लिहून गेलो. सॉरी.

बी-३०२: अहो, त्यात काय. आणि हो, ‘तिसरा मजला’ म्हणून पैसे लावलेत, ते आपल्या लिफ्टने वर आलेत! वॉचमन मामांनी दार धरून ठेवलं होतं, त्यांनी स्वतः बघितलंय. रोल लिफ्टमध्ये तिरका बसला.

सेक्रेटरी: गेटच्या वहीत नोंद आहे, वेळ संध्याकाळी ६.१०. हवा तर फोटो पाठवतो. असा मोठा माल वर न्यायचा असेल तर सर्वांनी आधी कळवा ही विनंती, लिफ्टला पॅडिंग लावून देऊ.

ए-७०१: आता पुढचं ऐक. आज १९१५ वर फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे निकाल मिळत नाही, पण तक्रारीचा क्रमांक मिळतो. मग दुकानाला स्पीड पोस्टाने पत्र पाठव, त्यात तो क्रमांक लिही आणि उत्तर द्यायला १५ दिवस दे. पत्रात राग नको, फक्त तारखा आणि आकडे. त्यांनी ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. मसुदा मी लिहून देतो, संध्याकाळी कागद घेऊन वर ये.

बी-३०२: काका, येते. आईने तुमच्यासाठी तिळाची वडी ठेवलीय.

रविवार, पुढचा आठवडा

बी-३०२: सगळ्यांना कळवते. पत्र सोमवारी गेलं. गुरुवारी मालकाचा स्वतः फोन आला. इतके दिवस ‘मालक बाहेर आहेत’ एवढंच ऐकत होते. बोलणं नीट झालं, त्यांनी आवाज चढवला नाही, मीही नाही. कार्पेटचा जीएसटी ५ टक्के धरून पक्कं बिल आलं, तिसऱ्या मजल्याचे १,२०० कापले, मापाचे ५०० वळते केले. एकूण ४,५४७ रुपये परत आले. म्हणजे मापाचे ५०० धरून शेवटी ३१,७०९ लागले. साडेपंधराच्या ते दुप्पटच आहेत, आणि हा आकडा पहिल्या दिवशी सांगितला असता तर मी टाइल बघितल्या असत्या किंवा दुसऱ्या दुकानात गेले असते. तेही त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

सुतार त्यांनीच पाठवला. दार काढून खालून रंधा मारला आणि परत बसवलं, तासाभराचं काम.

डी-४०२: छान झालं. बिलाची प्रत जपून ठेवा.

ए-७०१: शाब्बास.

बी-१०१: आई कशी आहे गं? दार लागतंय ना आता?

बी-३०२: लागतंय काकू. पलंग काल आत नेला. रात्री आईने स्वतः दार लोटलं आणि आतून म्हणाली, “आता झोप तू.” सकाळी अनवाणी खिडकीपर्यंत जाऊन आली.

सी-१०४: ताई, पट्टीचं काय झालं?

बी-३०२: सांगायचंच राहिलं. सुताराबरोबर आली, आमच्या बाल्कनीत उभी आहे. आमच्याकडे तिचा उपयोग नाही. मला वाटलं, वॉचमन मामांच्या केबिनमध्ये घातली तर? रात्री त्या सिमेंटच्या कोब्यावर खुर्ची टाकून बसतात, पाय गार पडत असतील.

सेक्रेटरी: कमिटीची काही हरकत नाही. केबिन आतून ६ बाय ५ आहे.

सी-१०४: मग नेमकं बसतंय. ३ बाय ५ चे दोन तुकडे शेजारी शेजारी. पण कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, धागे सुटतील आणि पाय अडकेल. पट्टी माझ्याकडे पाठवा, कारागिराकडून कडा शिवून घेतो आणि खालून चिकटपट्टी लावतो. पैसे नकोत. मंगळवारी रात्रपाळीच्या आत घालून होईल.